आवाज न करणारं बक्कल

नारनवरे काकांनी कंपनी बुडवली, असं म्हणणारी माणसं मला अजून भेटतात. ते गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा एक जण भेटला. हातात थाळी, तोंडात घास, अन् म्हणतो, "म्हातारा चांगला होता हो, पण शेवटी शेवटी डोकं फिरलं होतं त्याचं." अगदी जिभेवर आलं होतं, की बाबा, आधी तोंडातला घास गिळ आणि मग बोल. पण काकू समोर बसल्या होत्या, म्हणून गप्प राहिले. गप्प राहून काय होतं ते मी एकदा पाहिलेलं आहे. म्हणून हे लिहायला बसले.

देवराव नारनवरे त्यांचं नाव. सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर घरात बसवेना, तेव्हा हिंगण्याच्या एमआयडीसीत अनिकेतच्या कंपनीत आले. कंपनी कसली बाप्पा, पत्र्याची शेड, दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक खडखडणारा कूलर, अन् आम्ही धरून सात माणसं. अनिकेत मालक, पुण्याची नोकरी सोडून आलेला तिशीतला इंजिनीयर. माझ्याकडे कागदांचं सगळं काम, म्हणजे अर्ज, अहवाल, दिल्लीची पत्रं. मी नागपुरातल्या महाल भागातून स्कूटीवर इतकं अंतर तुडवत यायची आणि आल्याआल्या कूलरपुढे उभी राहायची. काका लेथमागून म्हणायचे, "काय वं शुभांगी, मशीन गरम नाही झाली अजून, अन् तूच गरम झाली!"

आमचं काम सैन्यासाठी होतं. संरक्षण खातं लहान उद्योगांसमोर एखादी अडचण ठेवतं. तुम्ही उपाय शोधायचा, नमुना बनवायचा, चाचणीत उतरला तर पुढे खरेदी. आम्ही घेतलेली अडचण अशी होती. उंच बर्फात जखमी जवानाला डोलीत बांधून ओढत आणतात. ती डोली घसरते, उलटते, कधी कपारीकडे निघते, अशा वेळी त्याचे पाचही पट्टे एका ओढीत सुटले पाहिजेत, आणि सोडणाऱ्याला हातमोजे काढावे लागता कामा नयेत. पाचही पट्टे जिथे एकत्र येतात ते बक्कल बनवायचं काम काकांचं. नागपूरच्या शेचाळीस डिग्रीत, घामाच्या धारा पुसत, आम्ही उणे चाळीसमधली वस्तू बनवत होतो. शेजारच्या शेडमधले लोक हसायचे.

काकांच्या उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं असायचं. घासलेल्या लोखंडावरून ते नख फिरवून ते सांगायचे, इथे राहिलंय. अनिकेत मोजून पाहायचा, तिथेच राहिलेलं असायचं. मायक्रोमीटर काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे आणि दुसऱ्याने हात लावला की तोंड पाडून बसायचे. काम झालं का विचारलं तर "झालं" असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "सध्या ठीक हाये," एवढंच. कान तर असा, की फाटकाशी लूना लावता लावता आत ओरडायचे, "दोन नंबरचा लेथ रडून राहिला रे, पट्टा पाहा त्याचा!" आणि पट्टा खरंच सैल निघायचा.

आणखी दोन खोडी सांगायला हव्यात. एक, पेटी बंद झाली, खिळे ठोकले, की काका ती पुन्हा उघडायला लावायचे. आतला कुठलातरी एक नग काढून नव्याने तपासायचे. पोरं वैतागायची. दुसरी, तयार झालेली कुठलीही वस्तू ते हातातून कोरडी सोडत नसत. नागपूरच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो, म्हणून त्यांच्या उस्तादाने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, दोन बोटं तेल फिरवायचं आणि मगच खाली ठेवायचं. तेलाची छोटी बाटली शर्टाच्या खिशात असे. ते तेलही उस्तादाच्या रीतीचं, त्यात थोडं लवंगेचं तेल घातलेलं. काका जवळून गेले की दाताच्या दवाखान्यासारखा वास यायचा.

हेच तेल आमच्या बक्कलला चालणार नाही, हे शोधून काढलं तेही काकांनीच. कळमन्याकडे एका आइस्क्रीमवाल्याचा शीतकक्ष आम्ही दुपारच्या वेळी मागून घेतला होता. मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि काका काकूंची शाल, माकडटोपी अन् एकावर एक तीन हातमोजे घालून उभे. तिथले कामगार पोट धरून हसत होते. काका आत गेले, सुक्या बर्फाच्या खोक्यात ठेवलेली बक्कलं एकेक करून ओढून पाहिली आणि पंधरा मिनिटांनी निळे ओठ घेऊन बाहेर आले. तेल लावलेलं एकही बक्कल उघडलं नव्हतं. तेलाचा नुसता डिंक झाला होता.

"अनिकेत, तू जा आत," ते म्हणाले. "शुभांगी, तूबी जा."

"मी कशाला काका? मी कागदवाली!"

"म्हणूनच जा. बोटं लाकडं झाल्यावर माणूस काय करू शकते, ते समजून घे. मग लिही."

मी पाच मिनिटांत रडकुंडीला आले. त्या दिवसापासून तेलाच्या जागी पेन्सिलीच्या शिशासारखी काळी कोरडी भुकटी आली. काकांनी स्वतः भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, "या टेबलावर तेल बंद," आणि खाली सही केली. भिंतीवर सही करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

बारा डोल्या चाचणीसाठी लडाखकडे गेल्या. सोबत अनिकेत गेला. काकांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली होती. अनिकेतचा पहिला फोन आनंदाचा होता. तिथे सावनेरकडचा एक जवान आहे, प्रमोद नावाचा. नागपूरची वस्तू आहे हे कळल्यावर तो स्वतःहून पुढे आला. म्हणाला, आपल्याकडची आहे, मले द्या, मी दाखवतो. काकांनी हे मला तीनदा सांगितलं.

चौथ्या दिवशीचा फोन वेगळा होता. एका डोलीत दुसऱ्या जवानाला जखमी म्हणून बांधलं होतं आणि प्रमोद त्याला सोडवत होता. बक्कल उघडेना. तेवढ्यात वारा सुटला, समोरचं दिसेना. आतला माणूस बांधलेला तसाच पडून होता. प्रमोदने शेवटी हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी त्या धातूशी झटला. आतला जवान सुटला, सुखरूप राहिला. प्रमोदच्या उजव्या हाताची तीन बोटं पुढे पेरापासून कापावी लागली.

बाकीची अकरा बक्कलं दर वेळी उघडली होती. मग हेच का नाही? चाचणी समितीने ते बक्कल आमच्याकडे परत पाठवलं. तपासा आणि लेखी कळवा. त्याच सुमारास काका लांबलेल्या तापाने घरी पडून होते. शेडमध्ये ऊन मी म्हणत होतं. अनिकेतने ते बक्कल सगळ्यांसमोर दहा वेळा ओढलं आणि दहाही वेळा ते अलगद सुटलं. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला. मग मी पत्र लिहिलं. उपकरणात कोणताही दोष आढळला नाही, वापरणाऱ्याकडून ओढ योग्य कोनात दिली गेली नसावी. हे दुसरं वाक्य माझं. अनिकेतने सांगितलेलं नव्हतं. पत्र पूर्ण दिसावं म्हणून मी ते जोडलं.

उत्तर आलं तेव्हा शेडमध्ये संत्रा बर्फी वाटली गेली. डोली चाचणीत उतरली होती. त्याच पत्रात खाली होतं, की संबंधित जवानाने सूचनेविरुद्ध हातमोजे काढले, सबब इजा त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली असा शेरा नोंदवण्यात येत आहे. ती ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली. कुणी काही बोललं नाही. मीही बर्फी खाल्ली.

त्याच दिवशी काका कामावर परतले. अर्धी बर्फी तोंडात टाकली आणि कपाटावर ठेवलेलं ते बक्कल सहज हातात घेऊन ओढलं. मग परत लावून ओढलं. मग बर्फीचा उरलेला तुकडा कागदावर ठेवला आणि मला हाक मारली.

"ऐक वं," म्हणाले, आणि पुन्हा ओढलं.

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"हेच तं. काही ऐकू येत नाही." त्यांनी फळीवरचं दुसरं बक्कल घेतलं आणि ओढलं. त्यातून खर्र असा बारीक आवाज आला. कोरड्या भुकटीचा तो आवाज प्रत्येक बक्कलला होता. "हे काहून बोलत नाही? याच्या तोंडात काय हाये?"

आवाज न करणारं ते बक्कल त्यांनी माझ्या नाकापुढे धरलं. पुसट, पण ओळखू येईल असा लवंगेचा वास आला.

ते खाली बसले. मग सांगितलं ते असं. डोल्या निघायच्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे एक बंद पेटी उघडायला लावली होती आणि एक बक्कल काढलं होतं. त्याची पिन किंचित आवळ वाटली. त्यांनी ती काढली, घासली, नख फिरवलं, परत बसवली. आणि मग बाटली खिशातून कधी निघाली, दोन बोटं त्या पिनेवर कधी फिरली, त्यांना ठाऊक नाही. भिंतीवरची त्यांची सही त्यांच्या डोक्यामागेच होती. नागपूरच्या उन्हात ते तेल पातळ होतं, म्हणून बक्कल आमच्यासमोर इतकं छान उघडलं. वर त्याचा डिंक झाला.

मी काय म्हटलं ते लपवणार नाही. मी म्हटलं, "काका, कुणाला सांगू नका." माझी मुलगी बारावीला होती, घरात पगार माझा एकटीचा. शेडमधली सातही घरं डोळ्यांपुढे आली. त्यांच्यापलीकडे प्रमोदचं आठवं घर होतं, ते मला दिसलं नाही, किंवा मी पाहिलं नाही.

काकांनी ते बक्कल मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "माह्या बापाच्या दाखल्यावर बी एक शेरा होता वं. गावच्या मास्तरनं लिहिला होता, हा कोण अन् यानं कुठं बसाचं. बापानं नाही लिहिला, दुसऱ्यानं लिहिला. दीक्षा घेतली, मिलमध्ये नोकरी धरली, तरी जिंदगी गेली त्याची तो शेरा पुसता पुसता. आता मी त्या पोट्ट्याच्या नावावर एक शेरा ठेवून घरी जाऊन जेवू?"

अनिकेतशी त्यांचं बोलणं माझ्यासमोर झालं. अनिकेत वाईट मुलगा नाही, हे आधी सांगते. त्याने बक्कल हुंगून पाहिलं. म्हणाला, "काका, अकरा बक्कलं चालली आहेत. डिझाइन चांगलं आहे. आता आपण हे लिहिलं तर सगळंच बाजूला पडेल, आणि पुढच्या हिवाळ्यात पोरांना जुन्याच डोलीत ओढत आणतील. त्यातला एखादा गेला तर? त्याचं काय?"

"डिझाइन चांगलंच हाये," काका म्हणाले. "म्हणून तं सांगून राहिलो. चूक डिझाइनची नाही, त्या पोट्ट्याची नाही. माझी हाये. तेवढंच लिहा."

"दिल्लीत तेवढंच असं काही नसतं हो काका!"

"मग जेवढं असते तेवढं लिहा."

अनिकेतने नकार दिला. काकांनी मला लिहायला सांगितलं. मी टाइप करायला बसले आणि उठले. माझ्याने झालं नाही. तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलं, हिंदीत, मशीनच्या चित्रावर लिहितात तशा सुट्या ठळक अक्षरांत. फलाण्या दिवशी, फलाण्या बक्कलच्या पिनेला माझ्या हाताने तेल लागले. जवानाची चूक नाही, शेरा काढावा. रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पावती मायक्रोमीटरच्या फडक्यात ठेवली.

मग व्हायचं ते झालं. गुणवत्ता नियंत्रणात गंभीर त्रुटी म्हणून आमचा प्रकल्प रद्द झाला. दिल्लीने ते काम अर्ध्या पानात संपवलं, याला त्यांना तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत. शेऱ्याबद्दल त्या पत्रात एक शब्द नव्हता. काकांनी पुन्हा लिहिलं. तो विषय जवानाच्या तुकडीचा आहे असं उत्तर आलं. तुकडीला लिहिलं. पत्र मिळाले, नोंद घेतली. दर सोमवारी काका पोस्टात जायचे. पोस्टातली मुलगी त्यांना पाहिलं की आधीच पावतीपुस्तक पुढे ओढायची. बारा डोल्या कुठल्याशा गोदामात पडून राहिल्या. पुढच्या उन्हाळ्याआधी शेडला कुलूप लागलं. पोरं दुसरीकडे पांगली, मी एका शिकवणी वर्गात फीच्या पावत्या फाडायला लागले. अनिकेत परत पुण्याला गेला. जाताना काकांच्या पाया पडला, पण त्यांच्याशी बोलला नाही.

मी काकांवर चिडलेली होते. भेटायलाही गेले नाही. मग एका रविवारी त्यांचाच फोन आला. "शुभांगी, त्या पोट्ट्याच्या गावाले जातो. येशील का वं? एकट्यानं जायची हिंमत होऊन नाही राहिली." ज्या माणसाने कंपनी पणाला लावली त्याने हे म्हणावं! मी गेले.

सावनेरपर्यंत एसटी आणि पुढे जीप. काकांची दाढी वाढलेली होती, शर्ट अंगावर लोंबत होता. गावात प्रमोदचं घर लगेच सापडलं. तो ओसरीत बसला होता, नोकरी सुटून घरी आलेला. डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. आम्हाला पाहून त्याने ते सोडून दिलं. त्याचे वडील खांबाशी उभे होते, पोराकडे पाठ करून.

काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मी कोण, मी काय केलं, तेल कसं लागलं. त्यांनी काही गाळलं नाही.

प्रमोद मग एकदम म्हणाला, "मी सांगितलं होतं साहेब. आतमध्ये चिकट हाये, म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यातबी सांगितलं. कोणी मानलं नाही."

"मीबी नाही मानलं," त्याचे वडील म्हणाले. ते अजून पाठ करूनच उभे होते. "सरकारचा कागद आला. मी म्हटलं, कागद कायले खोटा बोलंन? पोरीवाल्यांनी सोयरीक मोडली, मी म्हटलं, बरोबर हाये त्यायचं. आठ महिने झाले, मी याच्याशी धड बोललो नाही."

घरातून प्रमोदच्या आईच्या रडण्याचा आवाज येत होता. मग वडील वळले आणि काकांना म्हणाले, "मले सांगितलं, मी ऐकलं. पण हे घरात सांगून काय होते? गाव त्याले हातमोजेवाला म्हणते. गावात सांगा."

"चला," काका म्हणाले.

ग्रामपंचायतीसमोर सिमेंटचा एक ओटा आहे. दुपार उतरत होती, शेतातून माणसं परतत होती. काका त्या ओट्यावर चढले. पाच-सहा जण होते, त्यांना सांगितलं. मग आणखी दहा-बारा आले, तर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणी मधूनच ओरडलं, "आता कायले आला रे बुढ्या? बोटं गेल्यावर?" काका थांबले, "बरोबर हाये गा तुझं," म्हणाले आणि पुढे सांगत राहिले. प्रमोद लांब एका भिंतीला टेकून उभा होता. हात पाठीमागे होते.

मी हापशाजवळ बायकांमध्ये उभी होते. एका म्हातारीने मला न्याहाळलं. "बाई, तुमी यायची पोरगी काय?"

"नाही."

"मंग तुमचं काय काम इथं?"

सोबत आले, असं म्हणता आलं असतं. जिभेवर तेच होतं. पण ओट्यावर काका तिसऱ्यांदा सुरुवात करत होते, आणि माझ्याच्याने ते म्हणवलं नाही. मी म्हटलं, "आजी, प्रमोदची चूक होती असं ज्या कागदात आधी लिहिलं, तो कागद मी लिहिला. मी पाहिलं नव्हतं काही. तसंच लिहून दिलं."

आजूबाजूच्या बायकांनी हंडे खाली ठेवले. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, शिवी देईल असं वाटलं. तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट धरलं, आणि गर्दीतून मला ओढत ओट्यापर्यंत नेलं. "हे बी हाये," एवढंच ती मोठ्याने म्हणाली आणि हात सोडला.

काका बोलायचे थांबले. त्यानंतर ते तीनेक महिनेच होते, मी त्यांना भेटलेही, पण आठवतात ते तिथलेच. ओट्यावर थोडे बाजूला सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. मी वर चढले.